गाणे ऐकावे, बघू नये!

परवा आमच्या इमारतीच्या जिन्यात शेजारचा एक कॉलेजकुमार भेटला. हातात मोबाइल, कानांत बोंडे. मला पाहताच अदबीने एक बोंड काढून तो म्हणाला, "काका, ते नवं गाणं बघितलंत का?"

"काय बघितलं?"

"गाणं हो! कालच आलंय. मी तर चारदा बघितलं."

मुलगा गुणी आहे. लिफ्ट बंद असली की सौ.ची भाजीची पिशवी वर पोचवून देतो. तेव्हा त्याच्या व्याकरणाला मी हात घातला नाही. पण उरलेले दोन मजले चढताना ते क्रियापद डोक्यात घोळत राहिले. माणूस नाटक बघतो, क्रिकेट बघतो, गाडीची वाट बघतो, फार तर मुलगी बघायला जातो. पण गाणे? आमच्या पिढीपर्यंत गाणे ऐकत असत. त्या मुलाचा तरी काय दोष म्हणा! त्याच्याकडे गाणे येते तेच मुळी हातपाय हलवीत येते.

वाचकहो, एरवी दर आठवड्याला या सदराला दीड रकाना मिळतो. त्यात महागाई, लोकलची गर्दी आणि आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी एवढेच विषय मावतात. दिवाळी अंकासाठी संपादकांनी पाने मोकळी सोडली आहेत, तेव्हा पुष्कळ दिवस पोटात असलेली एक गोष्ट आज सांगून टाकतो. मला सिनेमाची गाणी अतोनात आवडतात. आणि गाण्यांचे सिनेमे मुळीच आवडत नाहीत.

हे ऐकून लोक चमत्कारिक नजरेने पाहतात. सौ.चे तर म्हणणेच असे की, असा माणूस जगात एकच आहे आणि तो नेमका तिच्या वाट्याला आला. "दिवसभर घरात गाणी लावून बसता. आंघोळीला गेलात की बंब तापेपर्यंत तीच. मग तीच गाणी पडद्यावर आली की असं तोंड का करता, जसं काही कोणी तुमचं पाकीट मारलं?"

पाकीट मारले, हा शब्द तिने सहज वापरला. पण तो किती बरोबर आहे, ते पुढे सांगतो.

आधी थिएटरात काय होते ते पाहा. गोष्ट बरी चाललेली असते. नायकाची नोकरी सुटलेली आहे, आई अंथरुणाला खिळलेली आहे, सावकार दाराशी आहे. आपण रुमाल काढायच्या बेतात असतो. इतक्यात पडद्यावर वारा सुटतो. हा वारा मी आता लांबून ओळखतो. नायिकेची चाल मंदावते, ती उगाच एखाद्या फांदीला हात लावते, आणि कोठून तरी पन्नास व्हायोलिने एकदम सुरू होतात. संपले! आई, सावकार आणि नोकरी तिघेही साडेचार मिनिटांच्या रजेवर जातात. पूर्वी अशा वेळी थिएटरातले निम्मे बाप्ये बाहेर जाऊन बिडीकाडी करून येत. गंमत अशी की, हीच मंडळी दुसऱ्या दिवशी पानाच्या ठेल्यावर उभी राहून तेच गाणे गुणगुणत असत. सौ.ने ती मंडळी पाहिली असती, तर मी जगात एकटा नाही हे तिला पटले असते.

आता कोणी म्हणेल, "तुमचा आक्षेप कळला. खऱ्या आयुष्यात माणसं अशी गात नाहीत, एवढंच ना?" नाही हो! हा आक्षेप मराठी माणसाने घेणे म्हणजे कोळ्याने माशाच्या वासाची तक्रार करण्यासारखे आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात १८८० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून आपल्या वाडवडिलांनी राजे, ऋषी, विदूषक, नवऱ्या मुली, कोणाला म्हणून गायल्याशिवाय सोडले नाही. बालगंधर्वांनी एकच पद 'वन्समोअर' घेत घेत किती वेळा म्हणावे याला धरबंध नसे. नाटक संपायला पहाट झाली तरी लोक तक्रार करीत नसत. तांबडे फुटले की उठून थेट कामाला जात.

मग तिथे का खुपत नव्हते? कारण तिथे फसवाफसवी नव्हती. रंगमंचाच्या पुढे ऑर्गन आणि तबला राजरोस बसलेला असे. गाणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा तुम्हाला दिसत. दम लागला तर तोही दिसे. मागचे अरण्य रंगवलेल्या कापडाचे आणि तेही वाऱ्याने हलणारे. जिथे अरण्यच कापडाचे, तिथे दुष्यंताने गायले तर बिघडले कुठे? सगळा मामला 'मानून घ्या' म्हणून मांडलेला, आणि आपणही मानून घेतलेला.

कॅमेऱ्याचे तसे नाही. कॅमेरा शपथेवर बोलतो. हे झाड खरे, ही पाने खरी, हा काश्मीर खरा, हा दल सरोवराचा गारठा खरा, असे तो अर्धा तास आपल्याला पटवतो. आणि आपला विश्वास बसला की एका शिकाऱ्यात दोन माणसे आणि एक नावाडी बसवून अख्खा वाद्यवृंद वाजवतो. पन्नास व्हायोलिने, चार सतारी आणि ढोलक. ही मंडळी बसली आहेत कुठे? पाण्याखाली? नायक डोंगर चढता चढता तान घेतो आणि त्याला धाप लागत नाही. मी आताच दोन जिने चढून आलो. मला तर बोलवतही नव्हते.

हे दुखणे आजचे नाही. गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट लागला, त्यात सात गाणी होती. म्हणजे पडद्याला वाचा फुटली आणि पहिल्याच दिवशी तो गाऊ लागला. पुढच्याच वर्षी मदन कंपनीचा 'इंद्रसभा' आला. त्यात सत्तरच्या आसपास गाणी! पोटभर म्हणजे किती, याचा हिशेब अजून बसायचा होता. तेव्हा नट स्वतःच गात, आणि वाजवणारे बिचारे कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून भिंतीआड, झुडपाआड दडून वाजवत. मग १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव' काढला आणि रायचंद बोराल यांच्या संगीतात पार्श्वगायनाची रीत सुरू झाली. गाणे आधी मुद्रित करायचे, मग ते सेटवर भोंग्यातून वाजवायचे, आणि नटाने ओठ हलवायचे. झाले! आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा. त्या दिवसापासून गाणे आणि सिनेमा यांचा संसार एका घरात, पण चुली वेगळ्या.

आणि माझ्यासारखी तक्रार करणारेही तेव्हापासून आहेत. त्यांत लहानसहान माणसे नाहीत. प्रभातच्या 'कुंकू'त (१९३७) शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत जवळजवळ हद्दपार केले आणि नेहमीच्या जगातले आवाज ठेवले. दोन वर्षांनी आलेल्या 'माणूस'मध्ये तर त्यांनी झाडाजवळच्या प्रेमगीताची चक्क टिंगल केली. त्या वेळी बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या'तले (१९३६) अशोककुमार आणि देविकाराणी यांचे झाडाजवळचे युगुलगीत घरोघर गाजत होते. 'माणूस'मध्ये त्या धर्तीचा प्रवेश आला की प्रेक्षागृह हसून लोटपोट होई. म्हणजे १९३९ साली एका मराठी माणसाने पडद्यावरच सांगून ठेवले होते की, बाबांनो, झाडाभोवती हे काय चालवले आहे! पुढे त्याच बापूंनी 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) आणि 'नवरंग' (१९५९) काढून पडद्यावर जी रंगपंचमी केली, तिच्याविषयी मी काही बोलत नाही. थोरामोठ्यांचे बोलणे ऐकावे. त्यांचा पडदा आपापल्या जबाबदारीवर पाहावा.

"मग बिनगाण्यांचे सिनेमे पाहत जा की!" सौ. म्हणते. तेही पाहिले. तसे धाडस आपल्याकडे अधूनमधून झाले आहे. वाडिया मूव्हिटोनचा 'नौजवान' (१९३७), अब्बासांचा 'मुन्ना' (१९५४), चोप्रांचे 'कानून' (१९६०) आणि 'इत्तेफाक' (१९६९). यांतल्या शेवटच्या दोन्ही चित्रपटांना संगीत होते सलील चौधरींचे, आणि गाणे एकही नाही! म्हणजे नामांकित हलवायाला घरी बोलवावे आणि त्याच्याकडून फक्त पाने मांडून घ्यावीत. चित्रपट चांगले होते, शेवटपर्यंत खुर्चीला खिळवून ठेवणारे होते. पण घरी आल्यावर आधी रेडिओ लावला, तेव्हा कुठे जेवल्यासारखे वाटले.

तेव्हा मला गाणे हवे आहे, त्याविषयी वादच नाही. ते कुठे हवे आहे, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आम्हाला कोणी दिले म्हणाल, तर ते एका केंद्रीय मंत्र्यांनी.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे मोठे भोक्ते. सिनेसंगीताने देशाचा कान बिघडतो असे त्यांचे ठाम मत होते, आणि त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी नाहीशी झाली. लोकांनी काय केले? मोर्चा काढला नाही, उपोषण केले नाही. रेडिओची खुंटी थोडीशी फिरवली आणि सिलोन लावले. डिसेंबर १९५२ मध्ये तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज आला की चाळीतली धुणीभांडीसुद्धा थांबत. १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीने 'विविध भारती' काढून बहिणाबाईंना घरी परत आणले, ती गोष्ट वेगळी. पण तोवर गाणे आमच्या कानात मुरले होते.

माझ्या म्हणण्याचा कणा इथे आहे. आम्हाला गाणे मिळाले ते सिनेमाशिवाय मिळाले. एक रेडिओ, त्याच्याभोवती सारी बिऱ्हाडे. सिनेमा वर्षाकाठी दोनदा, तोही घरच्यांनी चौकशी करून 'चांगला आहे' असे ठरवल्यावर. उरलेली शेकडो गाणी आम्ही कधी पाहिलीच नाहीत. ती कोणावर चित्रित झाली आहेत, दिवसा की रात्री, घोड्यावर की आगगाडीत, याचा आम्हाला पत्ता नव्हता. त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ती चित्रित करून घेतली. माझ्या गाण्यांत ठाकुरद्वारचा नाका होता, पावसात उभी असलेली ट्राम होती, आणि समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी एक व्यक्ती होती. नाव सांगत नाही. दिवाळीचे दिवस आहेत, आणि हे सदर सौ.ही वाचते.

पण ही गंमत फक्त तरुणांची नव्हती. आमच्या आत्याची गोष्ट सांगतो.

आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली आणि पुढची पन्नास वर्षे आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहिली. सिनेमाला ती कधी गेली नाही. कोणी बंदी केली होती असे नाही. कोणी चल म्हटले नाही, आणि तिने विचारले नाही. पण तिला गाणी सगळी येत. शेजारचा रेडिओ भिंतीपलीकडे होता, आणि चाळीतल्या भिंतीला संगीताचे वावडे नसते. त्यांतले एक विरहगीत तिचे फार आवडते होते. ते लागले की तिचा हात तांदळाच्या सुपात थांबत असे. गाणे संपले की ती पुन्हा खडे वेचू लागे. कोणी कधी काही विचारले नाही. त्या तीन मिनिटांत ती कुठे जाऊन येत होती हे आम्हा पोरांनाही कळत होते, आणि कोणीही विचारायचे नाही हेही कळत होते.

मुंबईत १९७२ साली दूरदर्शन आले. चाळीत पहिला संच आला तो तळमजल्यावर. दर गुरुवारी 'छायागीत' पाहायला साऱ्या चाळीची पोरे त्या दारात कोंबली जात. एकदा आत्यालाही आम्ही धरून नेले. आणि योगायोग असा की, नेमके तिचे गाणे लागले. पडद्यावर चकचकीत सूट घातलेला एक नायक हातात प्याला घेऊन पियानोभोवती फिरत होता आणि पाहुणे मंडळी माना डोलवत होती. आत्याने थोडा वेळ पाहिले. मग तिने आपला पाट उचलला, संचाकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "तुम्ही बघा रे. मी ऐकते."

त्यानंतर ती दर गुरुवारी खाली येत असे. पाठ करून बसे. लोक हसत, मीही हसलो असेन. पण त्या बाईइतके नेमके रसग्रहण मी पुढे कुठल्या समीक्षेत वाचले नाही. ते गाणे तिच्याकडे वीस वर्षे होते. तिने त्यात स्वतःचा माणूस ठेवला होता. आता कोणी सूटवाला येऊन 'हे माझे आहे' म्हणू लागला, तर तिने जागा का म्हणून सोडावी? सौ.ने म्हटलेले पाकीट मारणे ते हे. डोळा फार हट्टी असतो. कानाने हजार चेहरे घडवलेले असतात. डोळ्याला एक दाखवा, की बाकीचे नऊशे नव्व्याण्णव पुसून टाकतो.

आणि पडद्यावरचा तो चेहरा तरी गाण्याचा खरा धनी असतो का? 'महल' (१९४९) आठवा. खेमचंद प्रकाशांचे ते गाणे साऱ्या देशाला वेड लावून गेले. पण त्याच्या तबकडीवर गाणारीचे नाव होते 'कामिनी'. म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे! ही कामिनी कोण, म्हणून लोकांनी रेडिओला विचारून विचारून सतावले, तेव्हा आतून चौकशी होऊन लता मंगेशकर हे नाव सांगण्यात आले. गाणे घराघरात पोचले, आणि गाणारी मात्र पात्राच्या पदराआड. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत संगीत दिग्दर्शकाला १९५४ पासून स्थान होते; गाणाऱ्याला १९५९ पर्यंत नव्हते. लताबाईंनी त्या समारंभात गायला नकार दिला, मग ते सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले.

बरे, आपण निदान गाणाऱ्याचे नाव विचारतो. हॉलिवूडवाल्यांनी तर कमाल केली. मार्नी निक्सन नावाची एक गायिका होती. 'द किंग अँड आय'मध्ये (१९५६) डेबोरा केरसाठी, 'वेस्ट साइड स्टोरी'त (१९६१) नॅटली वुडसाठी आणि 'माय फेअर लेडी'त (१९६४) ऑड्री हेपबर्नसाठी तिने गायले, आणि पडद्यावर तिचे नावही झळकले नाही. शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वरून आपल्याकडे पु. लं.ची 'ती फुलराणी' (१९७५) आली, त्याच नाटकाचा 'माय फेअर लेडी' हा संगीत अवतार. फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्याची गोष्ट, आणि त्यातल्या फुलवालीचा गाण्यातला आवाज बहुतेक उसना! शॉसाहेबांनी यावर एक लांबलचक प्रस्तावना नक्की लिहिली असती.

याहून आत कोण कोण दडले आहे पाहा. नायकाच्या हातात गिटार असते. वाजवणारा असतो कोणी गोव्याचा डिसोझा किंवा फर्नांडिस. गोव्याच्या गावागावांतल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेली ही पोरे व्हायोलिन आणि ट्रम्पेट घेऊन मुंबईला आली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली, आणि दिवसा स्टुडिओत बसून त्यांनी आपल्या गाण्यांना अंगरखा शिवला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागची ती भरजरी वाद्ययोजना सेबास्टियन डिसोझा यांची. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले; पुढे 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) गुरूच्या नावाचे गाणेच आले, म्हणून निदान ते नाव तरी लोकांच्या तोंडी बसले. बाकीच्यांची नावे पडद्यावर क्वचितच लागली. डोळे उघडे असले की दिसतो नायक. डोळे मिटले की दोन कडव्यांच्या मधल्या जागेत हीच माणसे ऐकू येतात. मग सांगा, गाण्याशी इमान कोणाचे? बघणाऱ्याचे की ऐकणाऱ्याचे?

इथपर्यंत वाचून काही वाचक टाळ्या वाजवायच्या बेतात असतील. त्यांनी जरा थांबावे. कारण आता दुसरी बाजू, आणि ती मला टाळता येत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त हिशेबनीस राहतात. त्यांना मी माझे हे तत्त्वज्ञान एकदा मोठ्या उत्साहाने ऐकवले. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि विचारले, "साहेब, त्या पन्नास व्हायोलिनवाल्यांचे पैसे कोण देत होतं? तुम्ही?"

आता याला काय उत्तर देणार! तो सूटवाला नायक पियानोभोवती फिरायचा होता, म्हणूनच तर निर्मात्याने पैशाची थैली सोडली. ते झाड, तो वारा, तो शिकारा नसता, तर ते गाणे झालेच नसते. आत्याचे तीन मिनिटांचे माहेर ज्या पैशांतून उभे राहिले, ते पैसे त्या सूटवाल्याला बघायला आलेल्या लोकांनी चार-चार आणे टाकून जमवले होते. फणसाचे गरे आम्हाला हवेत. पण सुरी कोणी धरायची, आणि हाताला चीक कोणी लावून घ्यायचा? तो चीक सिनेमाने आपल्या हाताला लावून घेतला. आम्ही गरे खाल्ले, आणि वर फणसाला काटे आहेत म्हणून नाक मुरडले.

सिनेमावाचून गाणे जगते, हे सिद्ध झालेले आहे. मराठी माणसाला ते सांगायला नको. गजाननराव वाटव्यांसारख्यांनी भावगीताला घरोघर नेले, ते कुठल्याही पडद्यावाचून. आणि १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक, अशी छप्पन गीते वर्षभर. पडद्यावर राम नाही, रंगमंचावर अयोध्या नाही. समोर लाकडी खोका. त्या खोक्याला लोकांनी हार घातल्याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. घराघरात वेगळा राम, वेगळी सीता, आणि प्रत्येकाची खरी. माझ्या पक्षाला याहून मोठा पुरावा नको. पण हिशेबनिसाने तिथेही मला गाठलेच. "माडगूळकर आणि फडके पोटापाण्याला काय करत होते हो?" सिनेमाच करत होते! म्हणजे गीतरामायणाच्या समईतले तेलसुद्धा थोडेफार स्टुडिओच्या घाण्यातून आलेले.

शिवाय काही दिग्दर्शकांनी माझ्यासारख्यांचीही सोय पाहिली आहे, हे नमूद केले पाहिजे. 'अमर भूपाळी'त (१९५१) होनाजी गातो, कारण गाणे हे त्याचे काम आहे. 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंदला शंभरावर आठवडे चालला. तिथे फडावर लावणी झाली नाही तर काय कीर्तन होणार? गुरुदत्तच्या 'प्यासा'त (१९५७) बोलता बोलता गाणे कधी सुरू झाले ते कळत नाही. आपण तयारीत नसतो, म्हणून तोंड वाकडे करायलाही सवड मिळत नाही. आणि विजय आनंदांनी 'तेरे घर के सामने'त (१९६३) कुतुबमिनाराच्या जिन्यात गाणे घातले, पण नायक-नायिकेला जिना उतरायला लावले. चढायला नव्हे! एवढी माणुसकी दाखवणाऱ्या दिग्दर्शकाला मी कायमचा नमस्कार घातला आहे.

तेव्हा निकाल काय? माझ्यापुरता मी तो असा लावला आहे. सिनेमाचे देणे आहे, ते द्यायचे. म्हणजे तिकीट काढायचे, आणि कुरकुर न करता बसायचे. पण गाणे माझे आहे, ते पडद्यावर कोणाच्या नावे करून द्यायचे नाही. हल्लीच्या पोरांचे मला वाईट वाटते ते एवढ्याचसाठी. त्यांची गाणी वाईट आहेत म्हणून नव्हे. प्रत्येक पिढीला मागच्या पिढीने तसे सांगितलेलेच असते. पण त्यांच्या गाण्यात जागाच शिल्लक ठेवलेली नसते. सगळ्या खुर्च्यांवर कोणी ना कोणी आधीच बसलेले. आपला माणूस बसवायचा कुठे? म्हणून त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, बाबांनो, एखादे गाणे मोबाइल पालथा ठेवून ऐकून पाहा. पहिल्यांदा चुकल्यासारखे वाटेल. दुसऱ्यांदा तुमच्याच गल्लीतले कोणीतरी त्यात चालत येईल.

हा निकाल मी सौ.लाही वाचून दाखवला आणि गेल्या महिन्यात तिच्याबरोबर एका जुन्या संगीतप्रधान चित्रपटाला गेलो. ठरल्याप्रमाणे वारा सुटला की मी डोळे मिटत होतो. फार छान गाणी होती. मध्यंतरात बटाटेवडा खाताना मी तिला म्हटले, "बघ, कसं जमलं! तू बघितलंस, मी ऐकलं, भांडण नाही."

"गाण्याला डोळे मिटलेत ते ठीक आहे हो," ती म्हणाली, "पण गाणं संपल्यावर उघडायचे असतात! आई वारली, सावकार तुरुंगात गेला, तरी तुमचं आपलं मिटलेलंच. आणि एक सांगू? ऐकणारी माणसं घोरत नाहीत."